सुगंधाच्या उशाजवळचं पाणी

तोंडवलीचा हरिश्चंद्र कुबल उभी हयात मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. निवृत्त होऊन गावी आला, बायको गेली, आणि माणसांत म्हणायला नांदगावची थोरली बहीण सुगंधा तेवढी उरली. ती गोठ्यात पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मुंबईहून तिचा मुलगा आला, सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं, मांडीत सळी बसली. रजा संपली तशी मुलाला परतावं लागलं. “मामा, तू आसस म्हणान जातंय,” एवढं सांगून तो गेला.

वॉर्ड बायकांचा. पुरुषाला आत फक्त संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत सोडत. बाकीचा दिवस हरिश्चंद्र बाहेरच्या बाकावर बसून काढायचा.

मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आत गेला तेव्हा दुपारचं ताट लॉकरवर तसंच होतं. भातावर कवच धरलेलं, आमटी गोठलेली. सुगंधा भिंतीकडे तोंड करून पडली होती. लॉकर तिच्या दुखऱ्या बाजूला, चांगलं हातभर लांब होता.

“जेवण तसाच आसा ता?” त्याने विचारलं.

“माका भूक नाय हुती.”

“भूक नाय काय तुझो हात थंयसर पोचणा नाय?”

तिचे ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटल्यासारखी बोलत होती. त्याने पेला तिच्या तोंडाला लावला, तर दोन घोट घेऊन तिने तो हाताने बाजूला सारला. मग शेजारच्या खाटेवरचीला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “पाणी पिला काय मगे पॉट मागूचो लागता. वॉर्डातली कामवाली मावशी एकटी, ती खंय खंय धावतली? काल तिका येवक उशीर झालो.” पुढचं तिने सांगितलं नाही. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

या बहिणीने आई गेल्यावर हरिश्चंद्राला वाढवलं होतं. चिखलात भातलावणी करून येऊनही रोज धुतलेलं लुगडं नेसून मगच चुलीपाशी बसायची ती. अशी बाई ओलं व्हायच्या भीतीने तहान मारून पडली होती.

तो उठला तसं तिने त्याचं मनगट धरलं. “तू तेंका काय बोलू नको. तू बोलान घराक जातलंस, हंय मी रवतलंय.”

“मी भांडूक जाणंय नाय. सांगूक जातंय.”

ड्युटीवरची दिव्या सिस्टर एका हातात सलाईनची बाटली आणि दुसऱ्या हाताने कुणाचा तरी फोन सांभाळत होती. हरिश्चंद्राने ताटाचं सांगताच ती तडकली, “आजोबा, मी एकटी आहे हो. कुठेकुठे बघू?” त्याच्या ओठांवर जहाजावरची सगळी भाषा आली होती. पण त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं दिसलं आणि त्याने ती गिळली. सुगंधाला स्वतःच्या हाताने चार घास भरवले, पेला तिच्या चांगल्या बाजूला हाताशी सरकवला आणि वेळ संपल्यावर बाहेर आला.

आपण आरडाओरडा केला तर चार दिवस सगळे सुगंधाच्या पुढेमागे करतील आणि मनातून तिच्यावर खार खातील, हे त्याला बाकावर बसल्या बसल्या कळत होतं. गप्प बसणंही जमणार नव्हतं. सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून इनचार्ज सुभद्रा सिस्टरांसमोर उभा राहिला.

“तक्रारपेटी बाहेर आहे,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“पेटीत टाकायचं नाही, तुम्हालाच सांगायचं आहे. माझ्या बहिणीने पाणी पिणं सोडलंय.”

सिस्टरांनी मान वर केली. त्याने आवाज न चढवता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, “त्या दिव्या सिस्टरबद्दल माझी तक्रार नाही. तिला बसलेली मी काही पाहिली नाही. पण कोणाचं ताट भरलेलं परत गेलं तर का गेलं, हे कोणीतरी विचारायला हवं.”

“एवढी काळजी वाटते तर खाजगीत न्या,” सिस्टर म्हणाल्या. स्वर कडक होता, पण त्या खुर्चीतून उठल्या होत्या.

“नेईन. पण त्या खाटेवर उद्या दुसरी कोणी येईल.”

सिस्टर टेबलामागून बाहेर आल्या. थेट वॉर्डात गेल्या. हरिश्चंद्र दारातच थांबला. सिस्टरांनी सुगंधाच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली, मग पांघरूण उचलून टाच पाहिली. टाच लाल झाली होती, कातडी सोलवटायच्या बेतात. “आजी, मला का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं. सुगंधा दाराकडे, भावाकडे बघत राहिली. मग हळूहळू बोलली.

त्याच दुपारी सगळे लॉकर रुग्णांच्या चांगल्या बाजूला, हाताशी सरकले. उठता न येणाऱ्यांना आधी वाढायचं ठरलं. जेवणाच्या वेळी पडदे ओढून हरिश्चंद्राला बहिणीपाशी बसू द्यायला सिस्टर तयार झाल्या. पलीकडच्या खाटेवर सासूपाशी राहिलेली दीपिका, ज्यांचं कोणी नव्हतं त्या दोन म्हाताऱ्यांना आपणहून भरवू लागली. दिव्या येता-जाता सुगंधाला कुशीवर वळवायची, आणि एकदा ओशाळून हरिश्चंद्राला म्हणाली, “त्या दिवशी मी बोलले ते मनात धरू नका.”

“जहाजावर मी याहून वाईट बोललोय,” तो म्हणाला.

दुसरी मावशी मात्र मिळाली नाही. सुभद्रा सिस्टर त्याला घेऊन अधीक्षकांकडेही गेल्या. जागा रिकामी आहे, वर कळवलं आहे, एवढंच उत्तर आलं. त्यानंतर हरिश्चंद्र दर आठवड्याला अधीक्षकांच्या दाराशी जाऊन नम्रपणे विचारायचा, कळवल्याचं काय झालं. शिपायाला त्याची पावलं ओळखू येऊ लागली.

सुगंधाला त्याने तोंडवलीला आपल्याच घरी आणलं. टाचेची जखम भरायला पाऊसकाळ गेला. वॉकर धरून ती पडवीपर्यंत येऊ लागली तेव्हा तपासणीसाठी दोघं पुन्हा रुग्णालयात गेली. तिला वॉर्डातल्यांना भेटायचं होतं. सुभद्रा सिस्टरांची बदली झाली होती, दिव्या रजेवर होती, टेबलाशी एक नवी पोर होती. दाराजवळच्या खाटेवर एक वाळकी म्हातारी पडली होती आणि तिचा लॉकर पुन्हा हात पोचणार नाही इतका लांब गेला होता.

हरिश्चंद्र घसा साफ करून पुढे होणार, तोच सुगंधा वॉकर टेकत त्या पोरीसमोर जाऊन उभी राहिली.

“गो बाय,” ती म्हणाली, “त्या म्हातारेचा पाणी जरा जवळ ठेव. तिका मागूक लाज वाटत आसतली.”