महाराजांचं मौन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही, ज्याच्याशी बाकी सगळं बोलतो त्या मित्रालाही नाही. वडील जाऊन वर्ष होत आलं. एवढ्यात कितीदा तरी कागद पुढे घेतला, आणि भलतंच काही लिहून ठेवून दिला. आज तसं करायचं नाही, एवढंच ठरवून बसलो आहे.

वडील कसे होते ते आधी सांगतो. म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

बाबा गोंदियाला स्वयंपाक करत. घरचा नव्हे — लग्नाचा, मुंजीचा, भंडाऱ्याचा. आमगावपासून अर्जुनीपर्यंत कुठेही मोठी पंगत निघाली की त्यांना बोलावणं यायचं. जमिनीत चर खणून चुलाण पेटवलं, त्यावर हंडे चढले, की त्यांना उधाण यायचं. झाऱ्यानं कढईच्या काठावर ठेका धरायचे, वाढप्यांच्या नकला करायचे. सगळ्यात मोठ्या हंड्याला ते 'विहीणबाई' म्हणत. "विहीणबाई तापल्या रे, कोणी जवळ जाऊ नोका!" असं ते ओरडले की मांडवातल्या खऱ्या विहिणीसुद्धा पदर तोंडाशी धरून हसत. थंडीत गावात दंडारीचं नाटक उभं राहिलं की राणीचं सोंग त्यांचंच. मिशी मात्र काढायचे नाहीत. मिशीवाली राणी पाहायला शेजारच्या गावांतून माणसं येत.

अशा बापाची कुणाला लाज वाटेल का?

मला वाटली. एकदम नाही — हळूहळू. अमरावतीला शिकलो, तिथेच शाळेत भाषेचा शिक्षक झालो. 'कायले' जाऊन 'कशाला' आलं, आणि त्याबरोबर आणखीही काही काही गेलं. आमच्या मुख्याध्यापकांच्या मनात त्यांची मुलगी सुशीला मला द्यायची होती. त्यांचं घर पुस्तकांचं, भजन-कीर्तनाचं. आई माझी लहानपणीच गेलेली. घरचं विचारायचं ते वडिलांबद्दलच. त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

इथे एक शब्द समजावून सांगायला हवा. गोंदियाकडे व्यापारी वस्ती मोठी, बोलण्यात हिंदी मिसळलेली. तिथे पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्याला 'महाराज' म्हणतात. महाराज, पुऱ्या झाल्या का? महाराज, कढीत मीठ टाकलं का? — असं. अमरावतीकडे त्याला आचारी म्हणतात. आणि महाराज म्हणजे कीर्तनकार, सत्पुरुष. हा फरक मला ठाऊक होता. माझ्याइतका तो आणखी कुणाला ठाऊक असणार?

मी म्हणालो, "आमच्याकडे सगळे त्यांना महाराज म्हणतात."

त्यांनी हात जोडले. ते हात मी खाली घ्यायला लावले नाहीत — म्हणजे, त्यांचा गैरसमज दूर केला नाही. खोटं बोललो होतो का? शब्द तर खरा होता. ती पळवाट मी पुष्कळ वर्षं वापरली. सासऱ्यांनी गोंदियाच्या एका कापडवाल्याकडे चौकशीही केली. तो म्हणाला, "अहो, महाराज को कौन नहीं जानता! त्यांच्या हातचा प्रसाद एकदा खाल्ला का माणूस भूलत नाही." तो बुंदीबद्दल बोलत होता. लग्न ठरलं.

बाबांना मी यातलं आधी काही कळवलं नाही. कळवायचं म्हणजे लिहायला लागलं असतं. ते एकटेच आगगाडीनं आले, मांडवाच्या दारात उभे राहिले, आणि सासऱ्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, घर पावन झालं!" बाबांना ती थट्टा वाटली. तेही काहीतरी थट्टेचं बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो. ते हसता हसता थांबले.

जानवशात दार लावून घेतलं आणि मग पोट धरून हसले. "लेका, महाराज तं मी होतोच. तू तं मले देवाच्याच पाटावर नेऊन बसवलंस!" डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण असं सांगितलंस कायले रे?"

मी त्यांची वळकटी सोडायला लागलो. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. राणी झालो, साधूबी होऊन पाहू. पण त्यायनं म्हटलं, अभंगाचा अर्थ सांगा, तं? तोंड उघडलं का सारंच बाहेर पडते." जरा विचार करून त्यांनी मांडीवर थाप मारली. "मौन! महाराजाचं मौन हाये म्हणून सांगून दे."

मी सांगितलं. गोंदियातला सर्वांत बोलका माणूस माझ्या लग्नात एक शब्द बोलला नाही. पंगतीत भात करपल्याचा वास सगळ्यांआधी त्यांना आला. त्यांनी मला डोळा मारला आणि करपलेला भात निमूट जेवले.

एकदाचं सोंग होतं, असं त्यांना वाटलं असेल. मीही तशीच समजूत करून घेतली. पण ते दर हिवाळ्यात भेटायला येत, आणि टांगा दाराशी थांबला की त्यांचा चेहरा बदले, मौन सुरू होई. सुशीला त्यांच्यापुढे दूध आणि केळी ठेवी. "मामंजी, एवढं तरी घ्या." स्वयंपाकघराकडे ते वळले तर ती लगबगीनं आडवी जाई — "अगंबाई, तुम्ही कशाला! काय हवं ते मी आणते." तिचा जीव होता त्यांच्यावर. संध्याकाळी मी त्यांना गावाबाहेर फिरायला नेई. शेवटचं घर मागे पडलं की त्यांचं बोलणं सुरू होई — कुठल्या लग्नात कढी फुटली, कुठला नवरदेव वडे खिशात भरताना सापडला. आम्ही दोघं हसत असू. परतताना पहिलं घर दिसलं की ते वाक्य अर्धं टाकून गप्प होत. मला वाटे, त्यांना यात गंमत वाटते आहे. खरंच वाटे का मला तसं? की तसं वाटून घेणं सोयीचं होतं? सुशीलेला मात्र मी कधी गोंदियाला नेलं नाही. घर लहान आहे, पाणी बाधेल — काहीही सांगत राहिलो.

मुलीच्या बारशाला ते आले तेव्हा वळकटीत झारा होता, धोतरात गुंडाळलेला. फिरायला गेलो तेव्हा म्हणाले, "नातीच्या बारशाचं तं मी करू ना रे? आता लेकरू झालं. आता कोण काय म्हणते?" किती सोपं होतं! तेव्हा सांगितलं असतं तर सुशीला रागावली असती, मग हसली असती. मी म्हणालो, "आता कसं जमेल, बाबा?" ते "बरं" म्हणाले. बारशाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसून आल्यागेल्याचे नमस्कार घेत राहिले.

इथवरचं मी मनातल्या मनात पुष्कळदा कबूल केलेलं आहे. पुढचं तेवढं नाही.

ते आजारी पडले तेव्हा मी त्यांना अमरावतीला आणलं. अंथरुणातही ते बोलत नसत. मी एकटाच जवळ असलो तरी. बळ नव्हतं, की सवय झाली होती, मला माहीत नाही. एका सकाळी सुशीला त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, "मामंजी, काही खावंसं वाटतं का? नुसती खूण करा." त्यांनी हात वर केला. बोटं जुळवून काहीतरी वळल्यासारखं केलं, आणि तो हात पालथा करून वाफेवर झाकण ठेवावं तसा धरला. डोळे हसत होते.

ती माझ्याकडे वळली. "काय म्हणताहेत हो?"

मला कळलं होतं. डाळीच्या भरड्याचे गोळे वळून भातात वाफवायचे — गोळाभात. तो सांगितला असता तर काय झालं असतं? तिनं तो केला असता. कदाचित विचारलं असतं, दूध-केळ्यांवर राहणाऱ्या साधूला गोळे असे वळायचे कुठून ठाऊक? मी तेवढ्या एका प्रश्नाला भ्यालो.

"दूध मागताहेत," मी म्हणालो.

ती दूध घेऊन आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं चमच्या-चमच्यानं पाजलं, ते त्यांनी सगळं घेतलं, आणि तिच्या समाधानासाठी मान हलवली. त्यानंतर त्यांनी कशाची खूण केली नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

भेटायला येणाऱ्यांना सुशीला सांगत होती, "शेवटपर्यंत व्रत मोडलं नाही मामंजींनी. एक शब्दसुद्धा नाही. हो ना?"

मी हो म्हणालो.