शेवटून वाचणारे आवक-जावक काका

आवक-जावक काकांनी कुठलाही कागद वरून वाचायला घेतल्याचं मला आठवत नाही. तळाच्या ओळीखाली लाकडी पट्टी ठेवायची आणि एकेक ओळ वर सरकत जायचं. "वर सगळी गोड भाषा असते हो. अट तळाला असते," असं त्यांचं म्हणणं. वाघोलीकडच्या एका कॉलेजच्या कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाला वहीत नंबर द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव बहुधा पगारपत्रकालाच ठाऊक असावं.

मी तिथे गेले ती त्यांचं काम काढून घ्यायलाच, हे आधीच कबूल करते. दाखले आणि पत्रं आपोआप तयार व्हावीत, नंबरही आपोआप पडावा, असं कॉलेजला हवं होतं. त्यासाठी पत्रं लिहायच्या प्रोग्रामला आपलं काम जोडून देणारा एक संच मिळतो, त्याला एसडीके म्हणतात. मी तो उभ्या जन्मात वापरला नव्हता. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी नवी, सहा महिन्यांच्या बोलीवर. आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "शुक्रवारी चालताना दिसलं पाहिजे, नाहीतर दुसरीकडे बघा."

सोमवारी संच बसवून त्यातला पहिला नमुना चालवला. त्याने एक कोरा कागद उघडून त्यावर 'नमस्कार' लिहायचं, बस्स, एवढंच. काका खुर्ची ओढून माझ्यामागे येऊन बसले. पाच मिनिटं झाली, कागद काही उघडेना.

"येतोय का नमस्कार?"

"येईल, काका."

"की वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला?"

मंगळवार गेला, बुधवार गेला. विश्रांतवाडीहून स्कूटरवर येताना मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला लागले होते. गुरुवारी अगदी रडकुंडीला आले आणि संचासोबतची सूचनापत्रिका छापून टेबलावर आपटली. काकांनी ती उचलली, शिक्का मारला, वहीत चढवली. मी म्हटलं, "अहो काका, ती माझी आहे!" तर म्हणाले, "नंबर पडल्याशिवाय इथे कागद वाचला जात नाही." मग पट्टी काढून शेवटच्या पानाच्या तळाशी ठेवली.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले, "पण इथे बारीक अक्षरात लिहिलंय, संच आणि प्रोग्राम एकाच आवृत्तीचे हवेत. तुमचे आहेत का?"

नव्हते! कॉलेजचा प्रोग्राम जुनाट आणि मी हौसेने संच आणलेला अगदी ताजा. कपाळावर हात मारला, जुना संच शोधून बसवला. कोरा कागद उघडला, त्यावर 'नमस्कार' उमटला. काकांनी पडद्याला खरोखर हात जोडले. मला इतका आनंद झाला, की मी कॅन्टीनमधून सगळ्या कार्यालयाला चहा सांगितला.

चहा पिताना मात्र राहवेना. म्हटलं, "काका, हे चाललं की तुमची वही बंद होणार."

"ठाऊक आहे. जूनमध्ये मी निवृत्त होतोय आणि या जागी माणूस घ्यायचा नाही, ते पत्र मीच नोंदवलंय. तळाला होतं."

शुक्रवार निभावला, माझी नोकरी टिकली.

जूनच्या अखेरीस काकांचं निवृत्तीचं पत्र माझ्याच प्रोग्राममधून निघालं. काकांनी सवयीने पट्टी तळाला ठेवली आणि पहिल्याच ओळीवर थांबले. "प्रत : आवक-जावक टेबल. अहो इंजिनिअरबाई, उद्यापासून त्या टेबलावर कोण आहे?"

जुना मसुदा मी जसाच्या तसा उचलला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थांबा काका, पुसते ती ओळ."

"पुसताय कशाला? लिहिलीय तर प्रत निघाली पाहिजे. छापा."

छापली. काकांनी वही उघडली, शेवटचा नंबर स्वतःच्या हाताने घातला, खाली रेघ मारली आणि कागद माझ्यापुढे धरला.

"घ्या. टेबल आता तुमचं."

मी कागद घेतला. काकांनी पट्टीही पुढे सरकवली. मी ती तळाच्या ओळीखाली ठेवली आणि वाचायला लागले.