कोरी जागा आणि शून्य

अक्का हजेरी घ्यायच्या ती नावानं, रोल नंबरनं कधीच नाही. म्हैसूरच्या आमच्या कॉलेजात बाकीचे शिक्षक भराभर आकडे पुकारत. अक्का, म्हणजे आमच्या संख्याशास्त्राच्या बाई, एकेक नाव सावकाश घेत. "रोल नंबर म्हणजे नुसती खूण गं. दोन रोल नंबरांची बेरीज केली तर तिसरी मुलगी मिळत नाही, अल्वा, हो ना?" असं विचारत. त्यांचं घराणं मूळ मराठी, पण पिढ्यान्पिढ्या म्हैसूरच्या अग्रहारातलं, म्हणजे जुन्या ब्राह्मणवस्तीतलं. मराठी बोलताना मध्येच कन्नड यायची, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसायचा. मीही मराठी घरातली, म्हणून मला त्यांना 'मॅडम' म्हणायची मनाई होती; अक्काच म्हणायचं.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी हुणसूरच्या साठ वृद्धांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. 'गेल्या महिन्यात तुम्हाला भेटायला किती वेळा कोणी आलं?' या प्रश्नापुढची जागा सात जणांनी कोरीच ठेवली होती. मुदत तोंडावर आलेली. मी त्या सातही जागांत शून्य भरलं आणि सरासरी काढून मोकळी झाले.

माझ्या मार्गदर्शक अक्काच होत्या; त्यांनी मूळ कागद मागवले. वेगळी शाई त्यांच्या लगेच लक्षात आली. मला वाटलं, आता आवाज चढणार. त्या हळूच म्हणाल्या, "शून्य हे उत्तर आहे. कोणी आलं नाही, असं ते ठामपणे सांगतंय. कोरी जागा म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. तू त्यांच्या तोंडी उत्तर घातलंस, नोड, बघ." दुसऱ्या दिवशी आपले तास बदलून त्या माझ्याबरोबर हुणसूरच्या बसमध्ये बसल्या.

सहा जणांची कारणं साधी निघाली. कोणाचा चष्मा हरवला होता, कोणाला प्रश्न दिसलाच नव्हता. सातव्या आजी मात्र एकट्या राहणाऱ्या. आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारची बाई आत आली आणि सरळ त्यांची वेणी घालायला बसली. ती रोजच येते, असं कळलं.

"मग हे लिहिलं का नाही?" मी विचारलं.

आजी हसल्या. "ही भेटायला कुठे येते? ही आमचीच."

माझ्या तक्त्यातल्या शून्यानं त्यांना सगळ्यांत एकाकी माणसांत बसवलं होतं. परतीच्या बसमध्ये मला रडू आवरेना. अक्कांनी पेरू कापून हातावर ठेवला. "रडणं साकु आता. काय केलंस ते प्रबंधात लिही." मी लिहिलं. मुदत हुकली, गुणही कमी पडले. आज मी स्वतः शिकवते, आणि विद्यार्थ्यांचे मूळ कागद पाहिल्याशिवाय सही करत नाही.

अक्कांची शेवटची भेट इस्पितळात झाली. नर्सनं विचारलं, दहापैकी किती दुखतंय? "सात," त्या म्हणाल्या. मी तासभर त्यांचे पाय दाबत बसले. नर्स पुन्हा आली तेव्हा उत्तर आलं, "पाच."

"म्हणजे दोननं कमी झालं, अक्का!"

त्यांनी डोळे उघडले. "दुखण्याचे आकडे चढउतार तेवढा सांगतात गं. त्यांची वजाबाकी करू नये. आधीपेक्षा बरं वाटतंय, एवढंच म्हण."

आणि पाय पुन्हा माझ्या हातांकडे सरकवले.