आत्याच्या घरात न मावलेली बंदूक

आमच्या अख्ख्या खानदानात बंदूक हातात धरलेला माणूस एकच, आणि तो मी. यावरून बाकीचं खानदान कसं होतं ते कळावं. परभणीच्या कॉलेजात एन.सी.सी.त असताना मी एकदा रायफलीनं पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्याही जमिनीवर पालथं पडून. गोळ्या संपल्यावर हवालदारानं माझी निशाणाची पाटी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "ठेवून द्या, पुढच्या वर्षी कामाला येईल." ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. घरी फक्त टोपी आणि पट्टा दाखवला होता. त्यामुळं आत्याला बंदूक घ्यायची वेळ आली तेव्हा वडील छाती काढून म्हणाले, "ह्याला ने. ह्याला त्यातलं कळतं."

आत्या ताडकळसच्या बाजूला राहायची, गावात नाही, गावाबाहेर आखाड्यावर. आखाडा म्हणजे शेतातलं घर. एक खोली, पुढं छप्पर, बाजूला गोठा, आणि गावाच्या वाटेवर एक ओढा. मूलबाळ नव्हतं. यजमान वारले, आणि तेराव्याच्या पंगती उठायच्या आत तिच्या धाकट्या दिराला तिची काळजी लागली. काळजी अशी, की बाईमाणसानं रानात एकटं राहू नये, गावात त्याच्या घरी येऊन राहावं. शेताचं काय ते तो बघून घेईल. त्याच्या शेताचा बांध तिच्या शेताला लागून होता एवढं सांगितलं की काळजी किती खोल होती ते ध्यानात येईल. आत्यानं एकदा आखाडा सोडला की ते शेत परत तिच्या हाताला लागणार नाही, हे तिला ठाऊक होतं, दिराला ठाऊक होतं, आणि मला वाटतं तिच्या बैलांनाही ठाऊक होतं.

अशात आखाड्यावर चोरी झाली. ज्वारीची दोन पोती आणि विहिरीवरचा नाडा गेला. सकाळी दीर हजर.

"वैनी, आता तरी ऐका. आज जवारी नेली, उद्या गळ्याला हात घालतील. लोकं मला नावं ठेवायलेत."

"भावजी," आत्या म्हणाली, "मी बंदूक घ्यायलेय."

दीर हसला. तो हसला नसता तर तिनं कदाचित घेतलीही नसती.

परवान्यासाठी तिनं परभणीच्या कचेरीत चपला झिजवल्या. साहेबानं विचारलं, "बाई, बंदूक चालवणार कोण?" ती म्हणाली, "बैल हाकते, गडी हाकते. चोर काय वरून आला?" आणीबाणीचे दिवस होते. वेळेवर कचेरीत येण्याच्या कष्टानंच साहेब दमून गेला असावा. त्यानं सही केली.

बंदुकीच्या दुकानात जाताना मी एन.सी.सी.चा पट्टा मुद्दाम बांधला होता. दुकानदारानं पट्टा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि आपल्यासमोर कोण उभं आहे हे त्यानं अचूक ओळखलं.

"साब मिलिट्रीतले दिसतात."

मी नाही म्हणालो नाही.

त्यानं आधी एक आखूड एकनळी बंदूक काढली. मी ती दोन बोटांनी उचलून खाली ठेवली. "ही काय पिचकारी हाय? रंगपंचमीला घ्यायची असती तर ठीक होतं."

"बराबर हाय साब," म्हणून त्यानं लगेच मागच्या कपाटातून दुनळी काढली. काय ती लांबी! काय तो दस्ता! तिच्याकडं बघून माझा मला अभिमान वाटला. मी ती खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि गर्रकन वळलो. नळी भिंतीवरच्या घड्याळाला लागली. घड्याळ पडलं नाही, फक्त बंद पडलं.

"असू द्या साब," दुकानदार म्हणाला, "ते मागंच चालायचं."

आत्यानं बंदूक हातात घेऊन बघितली. "जड हाय रे."

"आत्या, जड असल्याबिगर धाक बसत न्हाई."

"अन् लांब बी लय हाय."

"लांब असल्याबिगर नेम बसत न्हाई," मी म्हणालो. माझ्या नेमाविषयी मला जी काही माहिती होती, तिच्या जोरावर हे वाक्य कसं उच्चारलं देव जाणे. आत्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजले.

बंदूक गोधडीत गुंडाळून आम्ही बसनं निघालो. बंदुकीतलं ज्याला कळत नाही असा पुरुष त्या बसमध्ये नव्हता. ज्याच्या घरात धड विळा नव्हता तोही सांगत होता की मावशे, नेम कमरेच्या खाली धरायचा असतो. एकानं तर गोधडीवरून हात फिरवून माल अस्सल आहे असा दाखला दिला.

खरी गंमत आखाड्यावर झाली. बंदूक दारातून सरळ आत गेली, पण आत जाऊन वळेना. खोली ती केवढी! एका अंगाला कणगी, एका अंगाला चूल, मधे बाज, आणि भिंतीला लागून मडक्यांची उतरंड. मी म्हणालो, "आत्या, मी दाखवतो. समज, तू बाजेवर हायेस अन् चोर दारात आलाय." मी बाजेवर बसलो, बंदूक उचलली आणि चोराकडं वळलो. दस्ता मागं भिंतीला अडला. मी जोर केला. नळी उतरंडीत शिरली. वरच्या मडक्यातलं मीठ, मधल्यातले तीळ आणि खालच्यातली डाळ, सगळं एकत्र होऊन माझ्या मांडीवर आलं.

आत्या दारात, म्हणजे चोराच्या जागी, उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "चोर दारातच हाय का पळाला रे?"

त्या बंदुकीचा उपयोग एकाच परिस्थितीत झाला असता. चोरानं बाहेर येऊन नांगरलेल्या रानात उभं राहायचं, आणि मला पालथं पडायला वेळ द्यायचा.

इतक्यात दीर आला. काय घडलं ते बघून त्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "वैनी, एवढी लांब चीज इथं मावायची न्हाई. मपल्या ओसरीत खुंट्या हायत. अन् खंडेनवमी आलीच की. हत्याराची पूजा करावी लागती. ती काय तुमच्या हातानं व्हनार हाय?"

विधवेच्या हातानं पूजा चालत नाही, हे त्यानं असं सहज, दात कोरता कोरता सांगितलं. आत्या तीळ निवडत होती. मग तो माझ्याकडं वळला. आत्याच्या सासरच्या सगळ्या मोठ्या माणसांना मी मामाच म्हणायचो, त्यामुळं तो मला भाचा म्हणायचा.

"अन् पयला बार भाच्यानं काढायचा. गावात दुसरा हाय कोण माहितगार?"

मी विरघळलो. लोणी तरी चुलीजवळ ठेवावं लागतं. मला दिराचं एक वाक्य पुरलं. आत्यानं "न्यायची का?" असं विचारलेलं मला आठवतं आणि मी "पूजेपुरती गं" म्हणालेलंही आठवतं. दुनळी खांद्यावर टाकून मी गावातून असा चाललो की जणू कुठला तरी किल्ला घेऊन आलोय.

खंडेनवमीला पूजा झाली, नारळ फुटला. मी चिंचेवर बार काढला आणि धक्क्यानं मागच्या मागं मटकन बसलो. लोकांना वाटलं तशीच पद्धत असते. दोघातिघांनी तर पुढचा बार बसूनच काढायचा म्हणून आग्रह धरला.

पूजा सरली, पण बंदूक खुंटीवरून उतरेना. मी मागायला गेलो तर मामा, म्हणजे आत्याचा दीर, म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे, दिवाळी तरी होऊ दे." ओसरीवर रोज गर्दी. जो येईल तो बंदूक काढून एक डोळा मिटायचा, आणि नसलेल्या चोराला मारून परत टांगायचा. आणि मग एक दिवस मामांचा निरोप आखाड्यावर आला. निरोप असा, की आता बंदूक इथं आहे, तर राखण इथंच होणार. वैनीनंही इथंच यावं.

म्हणजे जिच्या जोरावर आत्या रानात राहणार होती, तीच आता तिला गावात न्यायचं कारण झाली होती. आणि ती तिथपर्यंत वाहून नेणारा गाढव आमच्याच घरचा होता.

आत्या मला एवढंच म्हणाली, "लेकरा, तुला बंदूक आणायला नेलं व्हतं. तू पोचवून आलास."

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी जुंपायला लावली. ओसरी भरलेली होती. आत्या पायरीखालीच उभी राहिली.

"भावजी, बंदूक द्या."

"वैनी, तुमच्याकडं ऱ्हायली काय अन् इथं ऱ्हायली काय, घर एकच की."

"घर एक असंल. परवाना एकाच्याच नावानं हाय, अन् तो मपल्या कमरेला हाय." तिनं कनवटीवर हात ठेवला. "मी पोलीस ठाण्यावर निघालेय. बिगरपरवान्याची बंदूक कोणाच्या भिंतीवर हाय म्हणून विचारतील, तवा तुमचं नाव पुरं सांगू का नुसतं आडनाव?"

त्या दिवसांत ठाणे हा शब्द मोठ्यानं उच्चारला तरी माणसं घरात जायची. ओसरी बघता बघता रिकामी झाली. कोणाला म्हशीची आठवण आली, कोणाला औषधाची. मामांनी स्वतः बंदूक खुंटीवरून काढली, स्वतःच्या उपरण्यानं पुसली आणि गाडीत आणून ठेवली. वर "जपून जा" असंही म्हणाले. काळजी होतीच.

गाडी ठाण्यावर गेली नाही. आम्ही ती दुनळी घेऊन परत परभणीच्या दुकानात गेलो. या वेळी आत्यानं मला बाकावर बसवलं.

"कशी पायजे बाई?" दुकानदारानं विचारलं.

"मुसळाहून लांब नको."

त्यानं ती आखूड एकनळी काढली. मी तोंड उघडलं. "तू थैली सांभाळ," आत्या म्हणाली. मी थैली सांभाळली. थैली सांभाळण्यात मी निदान वाकबगार होतो. घाटा खाऊन तिनं बंदूक बदलून घेतली आणि परवान्यावर नवी नोंद करून घेतली.

दुसऱ्या दिवशी आखाड्यावर परत आलो तेव्हा दिवस मावळतीला कासराभर वर होता. आत्या म्हणाली, "एक बार काढून बघते." काडतूस कसं भरायचं तेवढं मी दाखवलं. ती बांधाकडं तोंड करून उभी राहिली, पदर खोचला, आणि चाप ओढला. रान हादरलं. बैलांनी दावी ताणली. आत्या दोन पावलं मागं आली, खांदा धरला आणि म्हणाली, "आयव! एवढं लागतं, हे बी सांगायचं ऱ्हायलं का रे?"

"आत्या, आमी पालथे पडायचो…"

"तू पालथाच पड."

तेवढ्यात गावाकडून आरडाओरडा ऐकू आला. पंधरा-वीस माणसं, काठ्या, कुऱ्हाडी, कोणाच्या हातात नुसतीच चप्पल. सगळे पळत पळत ओढ्यापर्यंत आले आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठावर थांबले. मामा त्या गर्दीच्या बरोबर मधोमध, म्हणजे कुठल्याही बाजूनं गोळी आली तरी आधी दुसऱ्याला लागेल अशा जागी.

"वैनी! चोर हायत का गेले?"

मी ओरडून सांगणार होतो, पण आत्यानं हातानं मला गप्प केलं. ती छपराखाली उभी राहून बघत राहिली.

"वैनी! आवाज द्या, म्हंजी येतो!"

आवाज नाही. पलीकडं काठ्या हवेत हलत होत्या. एकजण दुसऱ्याला ढकलत होता, दुसरा तिसऱ्याला वाट देत होता. त्या ओढ्याला घोटाभर पाणी नव्हतं. बाया धुणं डोक्यावर घेऊन तिथून रोज येत-जात होत्या. बाई मेली का जिवंत आहे, हे विचारायला त्या दिवशी तो ओढा एकाही गड्याला ओलांडवेना.

"बघून घे," आत्या हळूच म्हणाली. "ह्यांच्या भरोशावर मी गावात ऱ्हायला जायचं व्हतं."

मग तिनं हाक दिली, "चोर न्हाई! मीच बार काढला. या, चहा टाकते."

ओढा क्षणात ओलांडला गेला. माझ्या पाहण्यात एवढ्या शूर माणसांनी एवढ्या वेगानं कधी चाल केलेली नाही. छपराखाली टेकताच त्यांनी बंदूक हातोहात फिरवली. एकजण म्हणाला, "नळी जरा आखूडच घेतलीत." दुसऱ्यानं एक डोळा मिटला.

आत्यानं मामांना बशी दिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "भावजी, मपली काळजी आता तिकडूनच करत जा, ओढ्याच्या पलीकून. तिथून तुमाला चांगली जमती."

मामांनी चहा फुंकून फुंकून प्यायला. गावात येऊन राहायचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही, आणि आत्या शेवटपर्यंत त्याच खोलीत राहून तेच शेत कसत राहिली. तिला दुसरा बार काढायची वेळ आली नाही. उरलेली काडतुसं दमट होऊन वाया गेली. बंदूक कशी धरावी याचा सल्ला मात्र तिला गावातले गडी मरेपर्यंत देत राहिले, आणि सुट्टीत गेलो की मीही.