केवळाबाईंनी लपवलेला पाऊस

निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. आमच्या अहमदपुरातल्या रामकिशनतात्यांनी पाऊस सांभाळला. अंगणात पर्जन्यमापक, हातात वही. सर आली की वेळ लिहायची, थांबली की पुन्हा लिहायची. शेजारचा मास्तर म्हणून ती नोंद फोनवरून पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नांदेडच्या कॉलेजात शिकवणारी दीपमाला आणि तिचे देशोदेशीचे सोबती मिळून एक प्रोग्राम लिहितात. रडारची चित्रं बघून येत्या दोन तासांत पाऊस कुठे पडेल, ते तो सांगतो. फुकट आहे, कुणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा. पण अंदाज खरा ठरला का, हे तात्यांसारखी माणसंच सांगणार. तात्यांची नोंद चुकत नाही असा लौकिक होता, आणि तात्यांना त्याची ऐटही होती.

नवरात्रात तात्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, त्यांना दटावून माझ्याबरोबर माहूरला पाठवलं. वहीपायी देवीचा नवस सहा वर्षं राहिला होता. दर्शनाच्या रांगेतूनच तात्यांनी घरी फोन लावला, "पाणी आलं का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. मी तिथूनच शून्य पाठवलं.

चार दिवसांनी दीपमालाचा निरोप आला. त्या दुपारी रडारवर अहमदपुरावर मोठा ढग होता, पण तात्यांचं शून्य आहे, म्हणजे रडारच चुकलं. असे अचानक वाढलेले ढग यापुढे प्रोग्रामनं धरायचे नाहीत, सोमवारी आम्ही तसा नियम घालतो. मी मोठ्यानं वाचलं. तात्या अभिमानानं फुगले. धान्य पाखडणाऱ्या केवळाबाईंचं सूप मात्र थांबलं. शेजारच्या नीलाबाईंचं कापलेलं सोयाबीन रानात उघड्यावर पडलं होतं, आणि त्या हाच अंदाज बघून ते झाकायच्या.

"मास्तर, थांबवा ते. त्या दिशी लई पाणी आलं व्हतं. खरं सांगितलं असतं तर हे दर्शन सोडून मापायला पळत आले असते. म्या भांडं रिकामं करून ठिवलं."

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी त्यांनी मला लिहायला लावलं : न बघता नोंद केली, चूक माझी. केवळाबाईंनी ते ऐकलं आणि तडकल्या, "माझं नाव कुठंय? लोक ह्यान्लाच लबाड म्हणतील. लिवा, बायकोनं फसवलं." मी दोन्ही निरोप पाठवले.

दीपमालानं नियम मागे घेतला. पण तपासणी होईपर्यंत अहमदपूरच्या सगळ्या जुन्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागतील, असंही तिनं सर्वांसमोर लिहिलं. सहा वर्षांच्या नोंदी. मला तिचा रागच आला.

"बराबर हाय तिचं," तात्या म्हणाले. मग फळीवरचा मोजायचा ग्लास काढून त्यांनी केवळाबाईंच्या हातात दिला. "म्या गावाला गेलो तर तू मापायचं."

"आन् म्या पुन्हा खोटं बोलले तर?"

तात्या वहीत नवीन पानावर रेघा आखत होते. मान वर न करता म्हणाले, "तू सांगशील ते लिहीन."