ताईचा लांबचा फेरा

माझी मोठी बहीण शाळेची व्हॅन चालवायची. ताईसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि तिच्या पोटावर पाय देणाऱ्या त्या पालकांसारखी माणसं मला पुन्हा बघायचीही नाहीत.

शाळेचं फाटक रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे गाडी पुढे जाऊन कुठेतरी मागे वळवायलाच हवी. फाटकाच्या थोडं पुढे सिग्नल आहे आणि त्याच्या खांबावर यू-टर्न बंदीचा चांगला ठसठशीत बोर्ड. त्या खांबाला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे दिवसभर बघते मी. बोर्डाच्या नाकाखाली गाड्या खुशाल वळतात, कुणाला लाज म्हणून नाही. ताई मात्र सरळ जायची, थेट पुलाखालच्या सिग्नलपर्यंत, कारण तिथे वळायला परवानगी. तिथेही हिरवा लागेपर्यंत थांबायची, दुभाजकालगतच्या लेनमधूनच वळायची, आणि समोरून येणारे नि रस्ता ओलांडणारे सगळे गेल्याशिवाय चाक फिरवायची नाही. मागचे हॉर्न वाजवून कान किटवायचे. हिला त्याचं सोयरसुतक नाही.

मुलांना तिने सवयच लावली होती. बोर्ड दिसला की अख्खी व्हॅन एका सुरात ओरडायची, "इथं वळायचं नाही!" झेरॉक्सच्या घरघरीतही मला ऐकू यायचं.

पण या फेऱ्यामुळे पोरांना उशीर होतो म्हणून पालकांची कुरकुर सुरू झाली. त्यांनी तिचं नाव 'फेरीबाई' पाडलं. सगळ्यांत पुढे एक वकील. कायद्यावर पोट भरणारा माणूस, काय बोलायचं! त्याने शाळेत बैठक भरवली आणि ताईला तोंडावर सांगितलं, उद्यापासून सिग्नललाच वळा, नाहीतर आम्ही दुसरा ड्रायव्हर बघतो. व्हॅन शाळेच्या मालकीची. भावोजी अंथरुणाला खिळलेले, घर चालायचं ते ताईच्या पगारावर. तिथे बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

"तो बोर्ड काढायला लावा, मग वळते," ताई म्हणाली.

काढलं ते तिलाच.

नवा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी बोर्डाखाली वळला. मुलं सवयीने ओरडली, तर हा त्यांच्यावर खेकसला. आठवड्याभरात व्हॅन मुकी झाली. पालक खूश, पोरं वेळेवर. मला नुसती शिसारी यायची. ताई एका बेकरीत पाव भरायच्या कामाला लागली. मी तिच्या घरी गेले की विचारायची, मुलं ओरडतात का गं अजून? मी हो म्हणायचे.

मग एका सकाळी व्हॅन वळली आणि समोरून हिरव्या दिव्यावर येणाऱ्या मोटारीने करकचून ब्रेक दाबले. वीतभर अंतर राहिलं असेल. मोटारीतून कोर्टात निघालेला वकील उतरला, ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

"बोर्ड दिसत नाही का रे, आंधळ्या?"

तेवढ्यात व्हॅनच्या खिडकीत त्याला स्वतःची मुलगी दिसली. ती रडत नव्हती. नुसती बापाकडे बघत होती.

संध्याकाळी स्वारी माझ्या दुकानात हजर. ताईला बोलावून घ्या म्हणाला. मला वाटलं, माफी मागेल. कसली माफी! ताई आल्यावर म्हणे, माझ्या मुलीला तुम्ही वेगळ्या गाडीने सोडत जा, गाडी मी देतो, पगारही देतो. ताईने विचारलं, बाकीच्या मुलांचं काय?

"त्यांचं त्यांचे आईबाप बघतील."

माझ्या हातात स्टेपलर होता, तो मी त्याला फेकून कसा मारला नाही कोण जाणे. ताईने खांबावरच्या बोर्डाकडे बोट केलं.

"पोरीला नेईन," ती म्हणाली, "पण पुलाखालूनच."

वकिलाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तिकडून किती मिनिटं जास्त लागतात?"