गाडीचा रंग कोणता?

रंगारीबुवांच्या गाडीचा रंग दरवर्षी बदलायचा. काम संपलं की डब्याच्या तळाशी जे उरेल ते गाडीच्या अंगावर चढायचं, कारण रंग फेकून देणं बुवांच्या जिवावर येई. यंदा कुणाचं घर रंगवलं हे गावाला गाडी बघूनच कळायचं.

मग दुसऱ्या राज्यात एका मोठ्या वसाहतीचं काम मिळालं आणि नवरा-बायको शिड्या-बादल्यांसकट तिकडे जाऊन धडकले. ठेकेदाराने बजावलं, "इथली नोंदणी आणि विमा दाखवा, तरच गाडी फाटकाच्या आत." विमावाली म्हणाली, "आधी नोंदणी." आता शिड्या काय डोक्यावरून नेणार? गाडी पास झाली नाही तर काम गेलंच म्हणायचं. बुवा जुन्या राज्याचा ना हरकत दाखला छातीशी धरून परिवहन कार्यालयाच्या आवारात उभे राहिले. शेजारी बायको होती.

निरीक्षकसाहेबांनी आधी कागद पाहिले, मग गाडी पाहिली.

"इथे पांढरी लिहिलीय. ही तर जांभळी!"

"आत पांढरीच आहे, साहेब."

साहेबांनी चेसिस नंबर बघायला बॉनेट उघडलं. आतही जांभळंच.

"अहो, आतून कशाला रंगवलीत?"

"बनियन दिसत नाही म्हणून आपण धुवायचं सोडतो का, साहेब?"

हा नंबर लोखंडात ठोकलेला असतो. वर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. साहेबांनी घासली, पण आकडा एकही उमटला नाही. "नंबर नाही तर गाडी नाही," साहेब म्हणाले.  बुवांनी खिशातून रंगकामाची पत्र्याची पट्टी काढली आणि खरवडायला घेतलं.

जांभळ्याखालून पोपटी डोकावला. "डॉक्टरीणबाईंचा जिना!" बायको ओरडली. मग गुलाबी आला. "ही त्या नवरीची खोली!" रांगेतली माणसं रांग सोडून गाडीभोवती जमली. "आता निळा येणार!" "छे, पिवळाच!" पिवळा आला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि साहेबांनी स्वतः निळा म्हटलं होतं म्हणून ते चक्क हिरमुसले. शेवटी पांढरा लागला आणि त्यात आकडे दिसले, एकूणएक! कुणीतरी बुवांना उचललंच.

"जांभळी म्हणून नोंद करतो," साहेब घाम पुसत म्हणाले. "पण लिहून द्या, यापुढे परवानगीशिवाय रंग बदलणार नाही. नाहीतर उद्या विमावाले हात वर करतील."

बुवांचा हात कागदावर अडला. म्हणजे उरलेला रंग आता फेकायचा?

बायकोला हसू आवरेना. ती गाडीला टेकून, पोट धरून हसत होती. "करा सही! अहो, गाडीला इतकं नटवलंत, पण आपल्या घराच्या भिंती लग्नापासून सिमेंटच्याच राहिल्या. इथल्या भाड्याच्या खोलीला तरी एक हात मारा!" हसता हसता तिने डोळे पुसले, आणि ते काही नुसत्या हसण्याचं पाणी नव्हतं.

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सही केली.

"कोणता रंग हवा गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"आकाशी," ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.